लॅपटॉपमधलं वायफाय कार्ड बदलायचंय: कुठलं बसेल, काय बघून घ्यावं?

येळ्ळूर_इंजिनिअरिंग

नमस्कार मंडळी. घरात दोन लॅपटॉप आहेत, दोन्हींच्या वायफाय कार्डाबद्दल सल्ला हवा आहे.

पहिला २०१३ चा आहे. १५.६ इंची, इंटेल आय५ तिसरी पिढी, विंडोज १०. त्याला फक्त २.४ गीगाहर्ट्झचं नेटवर्क दिसतं आणि लिंक स्पीड (कार्ड आणि राउटर यांच्यातला वेग) कायम ७२ एमबीपीएस दाखवतो. फायबरचा प्लॅन १०० एमबीपीएसचा, राउटर ड्युअल बँड. त्याच खोलीत मोबाइलवर ९० च्या वर मिळतं, लॅपटॉपवर ३५-४० च्या पुढं जात नाही.

दुसरा ताईचा, अकरावी पिढी. त्यात एएक्स२०१ कार्ड आहे. तिथं एएक्स२१० घातलं तर फरक पडेल काय?

दुकानात "मिनी पाहिजे की एनजीएफएफ" असं विचारलं. नेमकं काय सांगायचं? आणि हे काम घरी करण्यासारखं आहे काय?

शहापूर_बेंच

घरी करण्यासारखं आहे. कार्ड बसवायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. खरं काम आहे ते योग्य कार्ड निवडण्याचं, आणि बहुतेकांचे पैसे तिथंच वाया जातात. म्हणून आधी ओळख पटवून घ्या.

दुकानदार "मिनी" म्हणतात ते मिनी पीसीआय एक्सप्रेस. तुमच्या २०१३ च्या लॅपटॉपमध्ये बहुधा याचंच अर्ध्या लांबीचं कार्ड असेल, ३० मिमी रुंद आणि २६.८ मिमी लांब. "एनजीएफएफ" म्हणजे आताचं एम.२. त्यातलं वायफायचं माप २२३०, म्हणजे २२ मिमी रुंद, ३० मिमी लांब. दोन्ही शेजारी ठेवले तर घोटाळा होत नाही, मिनी कार्ड जवळपास चौकोनी दिसतं आणि एम.२ अरुंद. एम.२ मध्ये परत खाचांचा प्रकार आहे. वायफायच्या स्लॉटला ए किंवा ई की असते, बाजारातल्या बऱ्याच कार्डांना ए आणि ई अशा दोन्ही खाचा असतात, त्यामुळं ती दोन्हींत बसतात. एसएसडीचा एम की स्लॉट वेगळा, त्यात हे कार्ड जात नाही. जोर लावू नका.

आता तुमचा ७२ चा आकडा बघा, तो बरंच काही सांगतो. ८०२.११एन (म्हणजे वायफाय ४) मध्ये २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर एका स्ट्रीमचा (एकाच वेळी चालणाऱ्या एका डेटाप्रवाहाचा) कमाल लिंक स्पीड ७२.२, दोन स्ट्रीमचा १४४.४. म्हणजे तुमचं कार्ड एकाच स्ट्रीमचं असावं. लिंक स्पीडच्या साधारण निम्मं ते साठ टक्के प्रत्यक्ष हाती लागतं, म्हणून तुम्हाला ३५-४० मिळतं. कार्ड बिघडलेलं नाही, त्याची ताकदच तेवढी.

यात एक धोका आहे. काही एका स्ट्रीमच्या लॅपटॉपमध्ये कंपनीनं अँटेनाची वायरसुद्धा एकच टाकलेली असते. कार्ड विकत घेण्याआधी मागचं झाकण उघडा आणि वायरी मोजा. दोन असतील तर दोन स्ट्रीमचं कार्ड घेण्यात अर्थ आहे. एकच असेल तरी ५ गीगाहर्ट्झच्या एसी (८०२.११एसी, म्हणजे वायफाय ५) कार्डावर एका स्ट्रीमला ४३३ लिंक मिळू शकतो, आणि १०० च्या प्लॅनला तेवढा भरपूर झाला.

खडेबाजार_पार्ट्स

पहिल्या लॅपटॉपसाठी इंटेल ७२६० हे नाव लिहून घ्या, पण नुसतं ७२६० म्हणून मागू नका. शेवटची अक्षरं बघा. "एचएमडब्ल्यू" म्हणजे अर्धं मिनी कार्ड, "एनजीडब्ल्यू" म्हणजे एम.२. नंबर एक, आकार दोन. परत एचएमडब्ल्यूमध्येसुद्धा "एसी" आणि "बीएन" असे प्रकार आहेत. बीएन फक्त २.४ वर चालतं, ते घेतलं तर तुमची अडचण आहे तशीच राहील. लेबलवर एसी आहे याची खात्री करा. एसी प्रकार दोन स्ट्रीमचा, ८६७ लिंक, ब्लूटूथ ४.० सकट.

लेबल खोटं चिकटवलेलंही असू शकतं. कार्ड बसवल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या प्रॉपर्टीजमधल्या डिटेल्समध्ये जाऊन हार्डवेअर आयडी बघा. इंटेलचा व्हेंडर क्रमांक ८०८६. एएक्स२०० चा डिव्हाइस क्रमांक २७२३, एएक्स२१० चा २७२५. दुकानदाराला सांगून ठेवा की आयडी जुळला नाही तर कार्ड परत देणार.

मिनी स्लॉटमध्ये एम.२ कार्ड बसवायची जोडपट्टीही मिळते. त्यात उंची वाढते, झाकण दाबलं जातं, आणि अँटेनाचे कनेक्टर वेगळे पडतात. २०१३ च्या मशीनसाठी एवढा खटाटोप करू नका.

टिळकवाडी_नेटवर्क

ताईच्या लॅपटॉपबद्दल लिहितो, कारण इथं सगळ्यात जास्त गैरसमज आहे.

एएक्स२०१ आणि एएक्स२१० दिसायला सारखी, खाचा सारख्या, स्क्रूचं भोक सारखं. पण आत फरक आहे. एएक्स२०१ हे सीएनव्हीआय पद्धतीचं कार्ड. वायफायचा हिशेब करणारा भाग त्यात नसतो, तो इंटेलच्या चिपसेटमध्ये किंवा प्रोसेसरमध्ये असतो. कार्डावर फक्त रेडिओचा भाग. म्हणून ते एएमडीच्या किंवा जुन्या इंटेलच्या लॅपटॉपमध्ये बसवलं तर नीट बसतं, स्क्रू लागतो, आणि विंडोजला दिसतच नाही. लोक कार्ड मेलं म्हणून परत पाठवतात. कार्ड धडधाकट असतं, जागा चुकलेली असते.

लक्षात ठेवायला सोपं आहे: एएक्स२०० आणि एएक्स२१० ही शून्यावर संपणारी स्वतंत्र, पीसीआय एक्सप्रेसवर चालणारी. एएक्स२०१ आणि एएक्स२११ ही एकवर संपणारी, सीएनव्हीआयची. त्याआधीच्या पिढीत ९२६० स्वतंत्र, ९५६० सीएनव्हीआयचं. एएक्स२११ तर एएक्स२०१ काढून सरसकट बसत नाही.

उलट बाजूनं, म्हणजे एएक्स२०१ काढून एएक्स२१० घालणं, पुष्कळ लॅपटॉपमध्ये चालतं. पण त्या स्लॉटला कंपनीनं पीसीआय एक्सप्रेसची लाइनही जोडलेली असली पाहिजे. काहींनी ती जोडलेली नसते. मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये चालणाऱ्या कार्डांची यादी असते, त्यात एएक्स२०० किंवा एएक्स२१० दिसलं तर निर्धास्त घ्या.

पण ताईंना ते घ्यायची गरजच दिसत नाही. एएक्स२०१ सुद्धा वायफाय ६ चं, दोन स्ट्रीमचं, १६० मेगाहर्ट्झवर २४०२ लिंक देणारं. एएक्स२१० ची खरी भर म्हणजे ६ गीगाहर्ट्झचा पट्टा. तुमचा राउटर ड्युअल बँड, म्हणजे २.४ आणि ५. नव्या कार्डानं त्या घरात काहीच वेगळं दिसणार नाही. पैसे ठेवा.

एएमडीवाले हा धागा वाचत असतील तर त्यांच्यासाठी: इंटेलचं बीई२०० घेऊ नका, बऱ्याच एएमडीच्या मशीनवर ते चालत नाही. एएक्स२१० किंवा मीडियाटेकचं एमटी७९२२ बघा.

निपाणी_सर्व्हिस

कार्ड मागवण्याआधी बायोसचं (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचं) कुलूप बघितलं काय? पहिल्या लॅपटॉपच्या वयाला हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे.

त्या काळातल्या लेनोव्होच्या थिंकपॅडमध्ये आणि एचपीच्या बऱ्याच मॉडेलांत बायोस फक्त ठरावीक कार्डच स्वीकारतो. दुसरं बसवलं की थिंकपॅड १८०२ क्रमांकाची सूचना देऊन थांबतो, एचपी १०४ क्रमांकाची. पुढं विंडोजपर्यंत जातच नाही. जुनं कार्ड परत घातलं की सुरू होतो, म्हणजे नुकसान काही नाही, पण नवं कार्ड हातात राहतं.

यावर सरळ उपाय एकच. त्या मॉडेलच्या मेंटेनन्स मॅन्युअलमधून मान्य कार्डांचे क्रमांक काढा आणि तोच क्रमांक लेबलवर असलेलं कार्ड शोधा. लेनोव्होला त्याला एफआरयू म्हणतात, एचपीला स्पेअर पार्ट नंबर. चिप तीच असली तरी दुकानातलं सुटं कार्ड आणि कंपनीच्या क्रमांकाचं कार्ड बायोसला वेगळं वाटतं, कारण तो कार्डाचा सबसिस्टिम आयडीही (कार्ड कुठल्या कंपनीसाठी बनलं ते सांगणारा क्रमांक) तपासतो.

इंटरनेटवर कुलूप काढलेले बायोस मिळतात. ते घालू नका. बायोस लिहिताना लाइट गेली आणि बॅटरी मेलेली असली तर बोर्ड बंद पडतं, मग चिपवर क्लिप लावून प्रोग्रॅमरनं परत लिहावं लागतं. जांबोटी, कणकुंबीकडं पावसाळ्यात लाइटचा भरवसा किती, ते मी सांगायला नको. कुलूप असलेल्या मशीनला ड्युअल बँडचं यूएसबी डोंगल लावा, तेवढंच पुरे.

येळ्ळूर_इंजिनिअरिंग

मॅन्युअल तपासलं, माझ्या मॉडेलला कुलूप नाही. झाकण उघडलं. अर्धं मिनी कार्ड आहे. वायरी तीन आहेत: काळी, पांढरी आणि एक राखाडी. काळी-पांढरी कार्डाला लागलेल्या, राखाडी प्लॅस्टिकच्या बारीक नळीत घालून मोकळी सोडलेली.

शहापूर_बेंच

झकास, काम सोपं झालं. राखाडी वायर तिसऱ्या स्ट्रीमच्या कार्डासाठी किंवा सिमकार्डच्या मॉडेमसाठी असते, कंपनी एकच साचा सगळ्या मॉडेलांना वापरते. तिला हात लावू नका. ती नळी निघाली तर टोकाला इन्सुलेशन टेप गुंडाळा, कारण टोक धातूचं आहे आणि बोर्डावर टेकलं तर शॉर्ट होईल.

आता क्रम. शिफ्टची की दाबून धरून विंडोज शटडाउन करा, नाहीतर फास्ट स्टार्टअपमुळं मशीन अर्धवट झोपलेलं राहतं. अडॉप्टर काढा, बॅटरी काढा. पॉवर बटन पंधरा सेकंद दाबून धरा. नवीन लॅपटॉपमध्ये बॅटरी आत असते, तिथं झाकण उघडल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवणं. काही मॉडेलांच्या बायोसमध्ये आतली बॅटरी बंद करायचा पर्याय असतो, तो आधी वापरा.

झाकणाचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. कागदावर लॅपटॉपचा आकार काढून ज्या त्या जागी टोचून ठेवा. लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर वरच्या बाजूला हात टेकवायच्या जागी फुगवटा येतो. कार्डाचा स्क्रू एम२, ३ मिमीचा. पीएच० किंवा पीएच०० चा पेचकस घ्या, टोक घासलेला नको.

खरी नाजूक जागा आता येते. अँटेनाचा कनेक्टर वायरीला धरून ओढायचा नाही. त्याच्या कडेखाली नखाचं किंवा प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीचं टोक घाला आणि सरळ वर उचला. तिरका उचलला की कार्डावरचं वाटीसारखं टोक वाकतं किंवा वायर क्रिंपमधून सुटते, आणि सुटलेली वायर घरी परत बसवता येत नाही. हे कनेक्टर काढ-घाल साधारण ३० वेळांसाठीच बनवलेले असतात, उगाच खेळत बसू नका. काढण्याआधी फोटो घ्या.

स्क्रू काढला की कार्ड स्वतःच थोडं वर उठतं. त्याच कोनात, अंदाजे ३० अंशांत, बाहेर ओढा. नवं कार्ड त्याच कोनात, सोनेरी कड दिसेनाशी होईपर्यंत आत सारा. मग खाली दाबून स्क्रू लावा, हातानं घट्ट झाला की पुरे.

कार्डावर पांढरा त्रिकोण म्हणजे मुख्य अँटेना, काळा त्रिकोण म्हणजे दुय्यम. कंपन्या रंग वेगवेगळे वापरतात, म्हणून तुमच्या फोटोत जी वायर जिथं आहे तिथंच लावा. कनेक्टर टोकावर अलगद ठेवा, हलवून बघा, मध्यावर बसल्याचं जाणवलं की बोटाच्या टोकानं सरळ दाबा. बारीक "टक्" आवाज येतो. आवाज आला नाही तर तो बसलेला नाही, नुसता टेकलेला आहे. वायर पंख्याच्या पात्यांपासून आणि स्क्रूच्या खांबांपासून लांब, तिच्या जुन्या खोबणीतूनच गेली पाहिजे.

खडेबाजार_पार्ट्स

एक पुरवणी. मिनी कार्डाचे अँटेना कनेक्टर आणि एम.२ चे कनेक्टर एकमेकांवर बसत नाहीत. मिनीवर यूएफएल असतो, एम.२ वर त्याहून लहान एमएचएफ४. मोठा लहानावर दाबला तर बसल्यासारखा वाटतो आणि हलला की सुटतो, लहान मोठ्यावर दाबला तर फाटतो. तुम्ही मिनीच्या जागी मिनी घालताय, म्हणून अडचण नाही.

चिकोडी_वाचक

स्थिर विजेसाठी अडॉप्टर लावून ठेवावा म्हणजे अर्थिंग मिळतं, असं ऐकलंय. बरोबर काय?

निपाणी_सर्व्हिस

चूक, दादा. मशीन बंद असलं तरी अडॉप्टर किंवा बॅटरी जोडलेली असेल तर स्लॉटवर ३.३ व्होल्ट उभे असू शकतात. त्यात कार्ड काढलं-घातलं तर ते जळायची शक्यता आहे. शिवाय दोन पिनच्या अडॉप्टरला अर्थिंग असतंच कुठं? सगळं काढून ठेवा. सिंथेटिक कपड्यांची चादर नको, लाकडी टेबल घ्या, काम सुरू करण्याआधी घरातल्या नळाच्या लोखंडी पाइपाला हात लावा आणि कार्ड कडेनं धरा.

थंडीत हवा कोरडी झाली की ही काळजी जास्त. पावसाळ्यात वेगळीच तऱ्हा, सोनेरी कडांवर ओलाव्याचा मळ धरतो. कार्ड विंडोजमधून मधेच गायब होत असेल तर फेकण्याआधी कडा ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडानं पुसून बघा. खोडरबर वापरलाच तर मऊ पांढरा, हलक्या हातानं, आणि त्याचा भुगा स्लॉटमध्ये जाऊ देऊ नका.

टिळकवाडी_नेटवर्क

ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. कार्ड बदलल्यावर नेट नसतं आणि मग ड्रायव्हर कुठून आणणार? राहिलंच तर अँड्रॉइड मोबाइल केबलनं जोडून यूएसबी टिदरिंग चालू करा, विंडोज १० त्याला नेटवर्क म्हणून ओळखतं. ७२६० चा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधूनही येतो. कुणाकडं अजून विंडोज ७ असेल तर एएक्स२०० किंवा एएक्स२१० घेऊ नका, त्यांना इंटेलचा ड्रायव्हर विंडोज १० पासूनच आहे. लिनक्सवाल्यांनी एएक्स२०० साठी कर्नल ५.१ आणि एएक्स२१० साठी ५.१० किंवा त्यापुढचा ठेवावा, सोबत फर्मवेअरचं पॅकेजही लागतं.

जुन्या कार्डाचा ड्रायव्हर आणि त्या कंपनीचं वायफाय सांभाळणारं सॉफ्टवेअर असेल तर तेही काढून टाका. दोन सॉफ्टवेअर एकाच रेडिओवर हक्क सांगत राहिली की वायफाय मिनिटामिनिटाला तुटतं.

वायफाय चाललं पण ब्लूटूथ दिसलं नाही तर गोंधळू नका. वायफाय पीसीआय एक्सप्रेसवरून जातं आणि ब्लूटूथ त्याच स्लॉटच्या यूएसबी लाइनवरून. जुन्या बोर्डांत ती लाइन कधी कधी जोडलेलीच नसते. मग ब्लूटूथसाठी वेगळं डोंगल, दुसरा मार्ग नाही.

कॅम्प_हार्डवेअर

"हार्डवेअर स्विच बंद आहे" असं दाखवलं तर मिनी कार्डाच्या २० नंबरच्या पिनेवर टेप लावा, लगेच चालू होईल.

शहापूर_बेंच

लगेच टेप नको, सर. २० नंबरची पिन रेडिओ बंद करण्याचा इशारा कार्डाला देते, ती झाकली तर कार्ड कायम चालू राहतं, हे खरं. पण आधी लॅपटॉपच्या कडेचं बटन, फंक्शनची की आणि बायोसमधला वायरलेसचा पर्याय, तिन्ही तपासा. बहुतेक वेळा गोष्ट तिथंच सुटते. तरीही नाही झालं तर कॅप्टॉन टेप, म्हणजे पिवळसर उष्णता सोसणारी टेप, एकाच पिनेच्या रुंदीची. साधी सेलोटेप गरम होऊन स्लॉटमध्ये चिकट राहते आणि शेजारच्या पिना खराब करते.

येळ्ळूर_इंजिनिअरिंग

७२६० एचएमडब्ल्यू एसी बसवलं. राउटरच्या खोलीत ५ गीगाहर्ट्झवर लिंक ८६६.७ आणि स्पीड ९४. पण आतल्या खोलीत ५ चं नेटवर्क फार कमी दिसतं. घर जांभ्याचं, मधे दोन भिंती. अँटेना जुना २.४ चाच असेल काय?

टिळकवाडी_नेटवर्क

ती शंका दोन मीटरवर तपासता येते. राउटरपासून दोन मीटरवर, मधे काही नसताना सिग्नलची ताकद बघा. उणे ३५ ते उणे ४५ डीबीएम (सिग्नलचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितका सिग्नल जोरदार) असेल तर अँटेना आणि कनेक्टर दोन्ही ठीक. तिथंच उणे ६० च्या खाली गेला तर एक कनेक्टर बसलेला नाही किंवा अँटेना ५ साठी नाही. ८६६.७ लिंक मिळतोय म्हणजे दोन्ही स्ट्रीम चालताहेत, त्यामुळं मला कार्डाचा दोष वाटत नाही.

येळ्ळूर_इंजिनिअरिंग

दोन मीटरवर उणे ४१. आतल्या खोलीत उणे ७६.

टिळकवाडी_नेटवर्क

मग कार्ड, अँटेना, तुमचं काम, सगळं बरोबर आहे. जांभ्याच्या जाड भिंती ५ गीगाहर्ट्झ अडवतात, त्यातून पावसात भिजलेल्या असल्या तर जास्तच. २.४ त्यामानानं बरं पार होतं. आतल्या खोलीत तूर्त २.४ वापरा, आता दोन स्ट्रीम असल्यामुळं तिथंही लिंक १४४ पर्यंत जाईल. एक बघा: राउटर २.४ वर १२ किंवा १३ नंबरच्या चॅनेलवर असेल तर काही कार्डांना नेटवर्क दिसतच नाही, म्हणून १, ६ किंवा ११ वर ठेवा.

कायमचा उपाय हवा असेल तर आतल्या खोलीपर्यंत कॅट ६ केबल ओढा आणि जुना ड्युअल बँड राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून लावा. त्याचं डीएचसीपी (आयपी पत्ते वाटणारी सोय) बंद करा, केबल वॅनच्या नव्हे, लॅनच्या पोर्टमध्ये घाला, आणि त्याचा आयपी मुख्य राउटरपेक्षा वेगळा पण त्याच मालिकेतला द्या. दोन्हींचे ५ चे चॅनेल वेगळे ठेवा, एकाला ३६, दुसऱ्याला १४९.

केबल बाहेरून भिंतीच्या कडेनं नेत असाल तर बाहेर वापरायची काळ्या आवरणाची घ्या. भोकात शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या आणि भोक आतून बाहेर उतरतं पाडा, म्हणजे पावसाचं पाणी केबलवरून घरात येण्याऐवजी झोळाच्या तळाशी ठिबकेल.